मॉनिटर घेण्याआधीची एक संध्याकाळ: रिझोल्यूशन वाढवलं तर गेम किती मंदावेल, हे घरीच मोजा

जास्त रिझोल्यूशनचा, म्हणजे पडद्यावर जास्त पिक्सेल (चित्राचे ठिपके) असलेला मॉनिटर घ्यायचं मनात असेल, तर पैसे देण्याआधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा. एक कागद, एक पेन आणि तुम्ही खरोखर रोज खेळता ते दोन-तीन गेम, एवढंच लागेल. दोन-अडीच तासांत तुमच्या कॉम्प्युटरला नवा मॉनिटर झेपेल की नाही, झेपला तर कोणत्या सेटिंगवर झेपेल, हे आकड्यांत कळतं. गंमत अशी की हे कळायला नवा मॉनिटर घरात असावा लागत नाही.

इतकं आग्रहाने सांगतोय ते भाच्यामुळे. त्याने दिवाळीत साठवलेल्या पैशांतून २७ इंची फोरके मॉनिटर घेतला. ग्राफिक्स कार्ड होतं जीटीएक्स १६५०, चार जीबी मेमरीचं. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "मामा, चित्र भारी दिसतंय, पण गाडी वळवली की सगळं अडखळतंय." मॉनिटर चांगला होता, कार्डही धडधाकट होतं. फक्त त्या कार्डावर एका रात्रीत चौपट काम येऊन पडलं होतं. त्याचं पुढे काय केलं ते सांगतोच, पण त्याआधी ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून काय करायचं ते बघू.

आधी पिक्सेल मोजा

आपल्याकडे बहुतेकांकडे असतो तो १०८०पीचा मॉनिटर म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४०, साधारण ३६.९ लाख. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. म्हणजे १४४०पीला १०८०पीच्या १.७८ पट पिक्सेल आणि फोरकेला बरोबर चौपट. रुंद अल्ट्रावाइड मॉनिटर, ३४४० गुणिले १४४०चा, या दोघांच्या मध्ये बसतो, सुमारे २.४ पट.

नावावरून फसायला होतं. १०८० आणि १४४० हे आकडे ऐकून वाटतं की तिसऱ्या हिश्श्याने वाढ आहे. ती फक्त उभी वाढ झाली. आडवंही तेवढंच वाढतं, म्हणून एकूण पाऊण पटीहून अधिक भर पडते.

ओझं कोणावर पडतं

अंगणात मोठी रांगोळी चालली आहे असं समजा. एक जण नक्षी सांगते: इथे मोर, तिथे वेल, हा ठिपका त्या ठिपक्याला जोड. दुसरी रंग भरते. गेममध्ये नक्षी सांगण्याचं काम प्रोसेसरचं. कोणती गाडी कुठे आहे, शत्रू काय करतोय, गोळी कुठे लागली, काय काय काढायचं, हे सगळं तो ठरवतो. रंग भरण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं.

आता तीच नक्षी दुप्पट मोठ्या जागेत काढायची ठरली. सांगणारीला काहीच फरक पडत नाही, नक्षी तीच आहे. सगळी वाढीव मेहनत रंग भरणारीची. ती आधी लवकर आटोपून पुढच्या सूचनेची वाट बघत बसत असेल, तर मोठी रांगोळीही तेवढ्याच वेळात पुरी होईल. पण ती आधीच घामाघूम असेल, तर प्रत्येक वाढीव वीत वेळ खाणार.

म्हणूनच "१४४०पीवर गेलो तर किती एफपीएस (एका सेकंदात पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) कमी होतील?" या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये बऱ्यापैकी कार्ड अर्धवेळ रिकामंच असतं, तिथे फरक जाणवणारही नाही. सायबरपंक २०७७ मध्ये तेच कार्ड पहिल्या मिनिटापासून पूर्ण ताकदीने राबत असतं, तिथे घट थेट दिसते. तुमच्याकडे कोण वाट बघतंय आणि कोण राबतंय, ते शोधणं हे पहिलं काम.

पहिली पायरी: आजची स्थिती लिहून काढा

एमएसआय आफ्टरबर्नर उतरवून घ्या. ते फुकट आहे आणि कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्याबरोबर रिव्हाट्यूनर येतं, तेही बसवा, कारण खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवण्याचं काम तेच करतं. आफ्टरबर्नरच्या सेटिंगमध्ये मॉनिटरिंग हा भाग उघडून इतके आकडे पडद्यावर येतील असं करा: जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वापर, जीपीयू तापमान, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) वापर, प्रोसेसरचा वापर, फ्रेमरेट (म्हणजेच एफपीएस) आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ).

मग गेममध्ये जाऊन व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद करा. एफपीएसवर कुठे मर्यादा घातली असेल तर तीही काढा. ड्रायव्हरमध्येही एखादी मर्यादा लावून विसरलेलो असतो, तीही तपासा. हे राहून गेलं की सगळं मोजमाप वाया जातं. कार्ड ६० फ्रेम देऊन निवांत बसलेलं असतं आणि आपण समजतो की त्याच्यात भरपूर जोर शिल्लक आहे, किंवा उलट, प्रोसेसरच कमी पडतोय.

ज्या गेममध्ये चाचणीची सोय आतच आहे तिथे तीच वापरा. सायबरपंक २०७७, रेड डेड रिडेम्प्शन २, फोर्झा होरायझन ५, जीटीए ५ या सगळ्यांत ती आहे. जिथे नाही, तिथे एक ठरावीक रस्ता पकडा: याच सेव्हपासून, याच चौकातून, त्या पुलापर्यंत, दोन मिनिटं. दर वेळी तोच रस्ता. गर्दीचा, झाडाझुडपांचा, धुराचा भाग निवडा. रिकाम्या खोलीत उभं राहून मोजलेला एफपीएस कामाचा नाही.

प्रत्येक चाचणी तीनदा करा आणि पहिली सोडून द्या. पहिल्या वेळी गेम बऱ्याच गोष्टी डिस्कवरून उचलत असतो, शेडर (रंग-प्रकाश काढणारे छोटे प्रोग्राम) तयार करत असतो, त्यामुळे आकडा खराब येतो. शिवाय कार्ड गरम झाल्यावर थोडं मंदावतं, तेव्हा मोजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं खेळा. विदर्भात मे महिन्यात हे करत असाल तर आणखीच लक्ष द्या. खोलीच चाळीस अंशांवर असेल तर जानेवारीतला आकडा मे महिन्यात मिळणार नाही.

कागदावर तीन गोष्टी लिहा: सरासरी एफपीएस, जीपीयू वापर आणि 'एक टक्का लो'. हा शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम कोणत्या वेगाने आल्या. हातात अडखळल्यासारखं जे वाटतं, ते या आकड्यात दिसतं, सरासरीत दिसत नाही.

जीपीयू वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग भरणारी राबतेय. ७०-८० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि कुठलीही मर्यादा लावलेली नसेल, तर नक्षी सांगणारी कमी पडतेय. यात एक चूक हमखास होते. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो आणि आपण म्हणतो, तो तर निम्म्याहून जास्त मोकळा आहे. पण गेमचा मुख्य भार एक-दोन कोअरवर असतो. ते पूर्ण भरलेले आणि बाकीचे रिकामे असले तरी एकूण आकडा ४० टक्केच दिसतो. म्हणून निदान करताना कार्डाच्या वापरावर जा, प्रोसेसरच्या नव्हे.

दुसरी पायरी: जुन्याच पडद्यावर नवं रिझोल्यूशन चालवा

अनेकांना हे माहीतच नसतं. एनव्हीडिया आणि एएमडी दोघांच्याही ड्रायव्हरमध्ये अशी सोय आहे की कार्ड गेमचं चित्र मोठ्या रिझोल्यूशनमध्ये काढतं आणि मग ते लहान करून तुमच्या १०८०पी पडद्यावर दाखवतं. काम सगळं १४४०पीचं होतं, फक्त दाखवताना आकार कमी केला जातो. म्हणजे वेगाची परीक्षा आजच, फुकटात.

एनव्हीडिया असेल तर कंट्रोल पॅनेल उघडा, 'मॅनेज ३डी सेटिंग्ज'मध्ये जा, तिथे 'डीएसआर फॅक्टर्स' ही ओळ सापडेल. त्यात १.७८ पटीवर खूण करा, फोरके तपासायचं असेल तर ४ पटीवरही. यादीत 'डीएल' नावाने सुरू होणारा वेगळा गट दिसला तर तो या चाचणीसाठी घेऊ नका, साधा गट घ्या. लागू केल्यावर गेमच्या रिझोल्यूशनच्या यादीत २५६० गुणिले १४४० दिसू लागेल. नाही दिसलं तर गेम फुलस्क्रीनवर आहे ना ते बघा. जे गेम फक्त बॉर्डरलेस खिडकीत चालतात, त्यांच्यासाठी आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन १४४०पी करावं लागतं.

एएमडी असेल तर ॲड्रेनलिन उघडून सेटिंगच्या चाकावर टिचकी द्या, डिस्प्ले या भागात 'व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन' चालू करा. पुढचं सगळं तसंच.

लॅपटॉपवाल्यांची इथे बहुतेकदा अडचण होते. कित्येक लॅपटॉपमध्ये पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, त्यामुळे हा पर्यायच दिसत नाही. मग गेमच्या आतला 'रेंडर स्केल' किंवा 'रिझोल्यूशन स्केल' वापरा. १०८०पीवर तो १३३ टक्के केला की १४४०पी होतं, २०० केला की फोरके. काही गेम मात्र बाजू न मोजता क्षेत्रफळ मोजतात, तिथे १४४०पीसाठी १७८ टाकावे लागतात. गेम शेजारी प्रत्यक्ष रिझोल्यूशन दाखवत असेल तर त्यावरच विश्वास ठेवा.

आता पहिल्या पायरीतल्या चाचण्या जशाच्या तशा पुन्हा करा. तेच सेटिंग, तोच रस्ता, तीनदा. कागदावर शेजारच्या रकान्यात लिहा.

या परीक्षेत वेग कळतो, रूप कळत नाही. १४४०पीचा खरा मॉनिटर कसा रेखीव दिसतो ते १०८०पीच्या पडद्यावर दिसणार नाही. ते बघायला दुकानातच जावं लागेल.

तिसरी पायरी: आकडे वाचा

कार्ड पूर्ण राबत असेल तर १०८०पीवरून १४४०पीवर जाताना साधारण पाव ते एक तृतीयांश एफपीएस कमी होतात. १४४०पीवरून फोरकेला गेलात की उरलेले जवळजवळ निम्मे. पिक्सेल १.७८ पट झाले तरी वेग त्या प्रमाणात पडत नाही, याचं कारण प्रत्येक फ्रेममधलं काही काम पिक्सेलच्या संख्येवर अवलंबूनच नसतं. सावल्यांचे नकाशे, वस्तूंच्या आकाराची गणितं वगैरे गोष्टी पडदा कितीही मोठा झाला तरी तेवढ्याच राहतात.

हे आकड्यांत मांडून दाखवतो. समजा १०८०पीवर ९० एफपीएस मिळतात. म्हणजे एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद. त्यातले ४ मिलिसेकंद अशा ठरीव कामाचे आणि ७.१ पिक्सेल रंगवण्याचे धरा. १४४०पीवर ते ७.१ वाढून १२.६ होतात, त्यात ठरीव ४ मिळवले की १६.६ मिलिसेकंद, म्हणजे ६० एफपीएस. फोरकेवर ७.१ चे २८.४ होतात, एकूण ३२.४, म्हणजे ३१ एफपीएस. ९०, ६०, ३१. हा उतार लक्षात ठेवा. तुमच्या कागदावरचे आकडे याच्या आसपास असतील तर सगळं रीतसर चाललंय.

तुमची घट पाच-सात टक्क्यांचीच असेल तर अडसर प्रोसेसरचा आहे. अशा वेळी १४४०पीचा मॉनिटर जवळजवळ फुकटात पदरात पडतो, कारण रिकामं बसलेलं कार्ड कामाला लागतं. पण एक सांगून ठेवतो, अडखळणं मात्र तसंच राहील. मोठा मॉनिटर घेतल्याने कमी पडणारा प्रोसेसर सुधारत नाही.

आणि १४४०पीवरच घट निम्म्याहून जास्त असेल, विशेषतः 'एक टक्का लो' पार कोसळला असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

व्हीरॅम भरला की काय होतं

बहुतेकांना वाटतं की मोठं रिझोल्यूशन म्हणजे व्हीरॅमचा प्रचंड फडशा. नुसतं एक तयार चित्र घेतलं तर ते फार नाही: १०८०पीचं ८ एमबी, १४४०पीचं १५, फोरकेचं ३३. पण गेम एका चित्रावर भागवत नाही. कोणती वस्तू किती लांब आहे त्याचं वेगळं, प्रकाशाचं वेगळं, हालचालीचं वेगळं, मागच्या फ्रेमचं वेगळं, अशी अनेक चित्रं एकाच वेळी लागतात. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) चालू असेल तर आणखी. या सगळ्याने काहीशे एमबींची भर पडते, फोरकेवर जड गेममध्ये एक जीबीच्या पुढेही जाते.

आठ जीबीच्या कार्डात १०८०पीवर साडेसात जीबी वापरले जात असतील तर ही भर मावत नाही. मग कार्ड कॉम्प्युटरच्या साध्या रॅममधून माल आणायला लागतं आणि ती वाट व्हीरॅमच्या मानाने फार संथ आहे. चौक ओलांडला की झटका, दार उघडलं की झटका. सरासरी बरी दिसते, खेळणं नकोसं होतं.

उपाय सोपा आहे. टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची) पातळी एक घर खाली आणा आणि पुन्हा मोजा. झटके गेले तर रोग व्हीरॅमचाच होता. चार जीबीच्या कार्डावर नव्या गेमसाठी १४४०पीचा विचार मी करणार नाही. सहावर टेक्स्चर कमी करायची तयारी हवी. आठ जीबी १४४०पीला बऱ्याच ठिकाणी पुरतात, पण नव्या जड गेममध्ये सगळं अल्ट्रावर ठेवता येत नाही. बारा जीबी असतील, जसे आरटीएक्स ३०६०च्या मूळ आवृत्तीत आहेत, तर या बाजूने निश्चिंत राहा.

अपस्केलिंगने गणित बदलतं

पाच-सात वर्षांपूर्वी मला कोणी मधल्या किमतीच्या कार्डावर १४४०पी मॉनिटर घेऊ का विचारलं असतं तर मी थांब म्हटलं असतं. आज म्हणत नाही, आणि त्याचं कारण अपस्केलिंग. कार्ड चित्र लहान काढतं आणि मागच्या फ्रेममधली माहिती वापरून ते मोठं व रेखीव करतं. एनव्हीडियाचं डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालतं. एएमडीचं एफएसआर २ आणि ३ जवळपास सगळ्या अलीकडच्या कार्डांवर चालतं, एनव्हीडियाच्या जीटीएक्सवरसुद्धा. इंटेलचं एक्सईएसएसही बऱ्याच कार्डांवर चालतं.

डीएलएसएस आणि एफएसआरमधला 'क्वालिटी' हा पर्याय प्रत्येक बाजू दोन तृतीयांश करतो. म्हणजे १४४०पीच्या मॉनिटरवर कार्ड आतून ९६०पीचंच चित्र काढतं. हे १०८०पीपेक्षाही थोडं कमीच झालं. मोठं करण्याच्या कामाला थोडा वेळ जातो, तो धरला तर तुमचा वेग जुन्या १०८०पीच्या आसपास येऊन बसतो, आणि चित्र मात्र जुन्या मॉनिटरपेक्षा स्वच्छ दिसतं. फोरकेवर 'क्वालिटी' म्हणजे आतून १४४०पी, 'परफॉर्मन्स' म्हणजे आतून १०८०पी.

एक फरक ध्यानात ठेवा. हाताशी मूळ पिक्सेल जितके जास्त, तितकं अपस्केलिंग छान दिसतं. फोरकेवर 'परफॉर्मन्स' पर्यायही चालून जातो. १४४०पीवर मी 'क्वालिटी'च्या खाली सहसा उतरत नाही. १०८०पीवर तर 'क्वालिटी'मध्येही तारा, जाळ्या, लांबची पानं लुकलुकताना दिसतात.

तेव्हा दुसऱ्या पायरीची चाचणी आणखी एकदा करा, या वेळी 'क्वालिटी' अपस्केलिंग लावून. कागदावर तिसरा रकाना. मॉनिटर घ्यायचा की नाही, हे माझ्या मते याच रकान्यावरून ठरवावं.

फ्रेम जनरेशन मात्र यात धरू नका. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेली एक फ्रेम घातली की आकडा फुगतो, पण हाताला मिळणारा प्रतिसाद मूळ वेगाचाच राहतो, उलट किंचित उशीर वाढतो. मूळ वेग ६०च्या आसपास असेल तर ती छान भर आहे. मूळ वेग ३० असताना तिच्या जिवावर मॉनिटर घेतलात तर माउस जड लागेल.

कोणत्या सेटिंगवर कात्री लावायची

सगळं 'हाय'वरून 'मीडियम'वर आणणं ही सर्वांत वाईट पद्धत. रिझोल्यूशन वाढलं की ज्या सेटिंग प्रत्येक पिक्सेलमागे काम करतात त्या महाग होतात, आणि कात्री तिथेच लावायची. सर्वांत आधी रे ट्रेसिंग. मग धुकं आणि ढगांची 'व्हॉल्युमेट्रिक' सेटिंग, मग स्क्रीन-स्पेस रिफ्लेक्शन, मग ॲम्बियंट ऑक्लूजन. जुन्या गेममध्ये एमएसएए (कडांवरचे दाते गुळगुळीत करणारी सोय) असतं, ते आठ पटीवरून दोन पटीवर आणा किंवा बंद करा. पिक्सेल बारीक झाल्यावर कडांवरचे दाते तसेही कमी दिसतात. एकेक सेटिंग बदला, पुन्हा मोजा. टेक्स्चर मात्र व्हीरॅम पुरत असेल तर वरच ठेवा, त्याने वेग फारसा घटत नाही आणि नव्या मॉनिटरवर डोळ्यांना सुख देणारी तीच गोष्ट आहे.

किती इंच, किती हर्ट्झ

२४ इंचावर १०८०पी म्हणजे एका इंचात साधारण ९२ पिक्सेल. २७ इंचावर तेच रिझोल्यूशन ८२वर येतं आणि हातभर अंतरावरून पिक्सेल दिसू लागतात. २७ इंची १४४०पीला १०९ मिळतात, २७ इंची फोरकेला १६३. ३२ इंची १४४०पी पुन्हा ९२च्या आसपास, म्हणजे जुन्या २४ इंची मॉनिटरइतकाच रेखीव, फक्त मोठा. माझी पसंती स्पष्ट आहे: मधल्या किमतीच्या कार्डासाठी २७ इंच आणि १४४०पी.

यातला फरक मला गेमपेक्षा आधी मराठी मजकुरात जाणवला. २७ इंची १०८०पीवर 'ष्ट्र', 'द्ध', 'ऱ्या' ही अक्षरं गिचमिड व्हायची, अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळायच्या. १४४०पीवर रफार वेगळा, अनुस्वार वेगळा, स्पष्ट दिसला. दिवसभर त्याच मॉनिटरवर अभ्यास किंवा ऑफिसचं काम करणाऱ्याने ही गोष्ट हिशेबात धरावीच.

हर्ट्झबद्दल, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याबद्दल, थोडक्यात. कागदावरच्या तिसऱ्या रकान्यात ७०-८० एफपीएस असतील तरी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर वाया जात नाही, मात्र त्यात फ्रीसिंक किंवा जी-सिंकची सोय हवी. मॉनिटर कार्डाच्या तालावर चालतो आणि ६५ एफपीएसही गुळगुळीत वाटतात. स्पर्धेसाठी काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट खेळणाऱ्यांची गोष्ट निराळी. कित्येक व्यावसायिक खेळाडू आजही २४-२५ इंची १०८०पीवरच, पण २४० हर्ट्झ आणि त्याहून वरच्या मॉनिटरवर खेळतात. तुमचं ध्येय तेच असेल तर रिझोल्यूशनवर पैसे घालू नका.

दुकानात आणि घरी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या दुकानात, मॉनिटर तिथेच चालू करून बघा. पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा, असे पाच पडदे मोबाइलवर चित्र म्हणून नेले तरी पेन ड्राइव्हवरून किंवा दुकानाच्या कॉम्प्युटरवर लावता येतात. मेलेला पिक्सेल तिथल्या तिथे दिसतो. किती पिक्सेल मेले तर कंपनी बदलून देते, हे पावती फाडण्याआधी विचारा. ऑनलाइन घेत असाल तर परत घेण्याची मुदत बघा आणि खोका फेकू नका.

खोक्यात कोणती केबल आहे ते विचारा. १४४०पी १४४ हर्ट्झला डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा पुढचं, नाहीतर एचडीएमआय २.० लागतं. जुनं एचडीएमआय १.४ फोरकेला ३० हर्ट्झवर अडकतं. फोरके १२० हर्ट्झला एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ हवं. एनव्हीडियाचं कार्ड असेल आणि मॉनिटर फ्रीसिंकचा असेल, तर डिस्प्लेपोर्टच वापरा.

घरी आल्यावर केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा, मदरबोर्डच्या नव्हे. मागे हात घालून अंदाजाने लावताना ही चूक होते आणि मग गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर रांगतो. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट बघा. १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६०वर चालू झालेला असणं अगदी नेहमीचं आहे, आणि लोक महिनोन्‌महिने तसाच वापरतात.

विजेचंही बघा. पूर्वी प्रोसेसरच्या अडसरामुळे अर्ध्यावर चालणारं कार्ड आता पूर्ण ताकदीने चालेल, जास्त तापेल, जास्त वीज ओढेल. आरटीएक्स ३०६० पूर्ण भाराला १७० वॉट घेतं. ६० वॉटची वाढ धरली आणि रोज तीन तास खेळलात, तर महिन्याला साडेपाच युनिटच्या आसपास होतात. बिलापेक्षा काळजी धुळीची. नवा मॉनिटर लावाल त्याच दिवशी कॅबिनेटच्या जाळ्या साफ करा.

आधीच घेऊन बसला असाल तर

भाच्याच्या १६५० कार्डावर डीएलएसएस चालत नाही, कारण ते जीटीएक्स आहे. फोरकेच्या प्रत्येक बाजूला १०८०पी मात्र बरोबर दोन पटीने बसतं, एका पिक्सेलच्या जागी चार पिक्सेल. म्हणून एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉपच्या आकाराच्या पानावर 'इंटिजर स्केलिंग' निवडलं आणि गेम १०८०पीवर ठेवला. चित्र धूसर झालं नाही, जुन्या मॉनिटरसारखंच स्वच्छ राहिलं आणि वेग परत आला. एफएसआर असलेल्या गेममध्ये 'परफॉर्मन्स' लावून बघितलं, पण मोठं करण्याच्या कामाचा भार त्या कार्डाला जाणवत होता, त्यामुळे जड गेमला साधं १०८०पीच ठरवलं. अभ्यास आणि सिनेमे फोरकेवर.

१४४०पीचा मॉनिटर घेतलेल्यांना ही युक्ती चालत नाही. त्यात १०८०पी १.३३ पटीने बसवावं लागतं, पिक्सेल नेमके जुळत नाहीत आणि चित्र पुसट होतं. तिथे रिझोल्यूशन १४४०पीवरच ठेवा आणि वेग अपस्केलिंगने किंवा रेंडर स्केलने मिळवा, म्हणजे निदान नकाशा, अक्षरं आणि निशाण्याचा ठिपका रेखीव राहतो.

सगळं बसवून झालं की त्या संध्याकाळचा कागद काढा. तोच गेम, तोच रस्ता, तीच सेटिंग, आता खऱ्या १४४०पीवर, तीनदा. आकडा दुसऱ्या रकान्याशी जुळला पाहिजे, चार-पाच टक्के इकडे तिकडे. त्याहून फार कमी आला तर केबल कुठल्या पोर्टात आहे, एखादी एफपीएस मर्यादा परत लागली आहे का आणि कार्डाचं तापमान किती आहे, या क्रमाने तपासा.